मुलीला विचारतो कोण?

आंकड्यांविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गाचें एक ठरलेलें वर्तन आहे. आंकडा आपल्या मतास अनुकूल असला कीं तो शास्त्र होतो. प्रतिकूल असला कीं तो सरकारी कागद होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरीचा अहवाल आमच्या बैठकींत निघाला तेव्हां त्यांतील एका ओळीपाशीं असेच दोन तट पडले. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं ज्या पाहणीच्या वेळीं माता झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या, अशांचें प्रमाण सबंध देशांत शेंकडा ६.८ आणि महाराष्ट्रांत शेंकडा ७.६. एका गृहस्थांना हें प्रमाण अगदींच किरकोळ वाटलें. दुसऱ्यांना तें खरें असणेंच अशक्य वाटलें. "असल्या गोष्टी खऱ्या कोण सांगतो?" असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. परंतु त्याच्या आधीं दुसरा एक येतो. असल्या गोष्टी मुलीला विचारतो कोण, आणि विचारतो तो कशा रीतीनें? ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागें लागून आम्हीं कांहीं महिने जें वाचलें व ऐकलें, तें येथें मांडीत आहों.

ही पाहणी प्रथम १९९२-९३ सालीं झाली. पांचहि फेऱ्यांची सूत्रें मुंबईस गोवंडी येथें असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होतीं. पांचवी फेरी २०१९ पासून २०२१ पर्यंत, मध्यें महामारीचा खंड पडून, चालली. तींत ६,३६,६९९ घरें आणि ७,२४,११५ स्त्रिया गांठल्या गेल्या. पसारा थक्क करणारा आहे खरा. पण आमचें लक्ष वेधलें तें एका साध्या फरकानें. पहिल्या दोन फेऱ्यांत स्त्रियांच्या प्रश्नपत्रिकेंतले प्रश्न फक्त लग्न झालेल्या स्त्रियांस, मग त्या नांदत असोत, विधवा असोत वा टाकलेल्या असोत, विचारण्यांत आले. अविवाहित मुलीस त्या प्रश्नपत्रिकेंत जागा मिळाली ती २००५-०६ च्या तिसऱ्या फेरींत. तोंपर्यंत ह्या दप्तरापुरतें तरी मुलीचें शरीर अक्षता पडल्यावरच अस्तित्वांत येत असे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

शेंकडा ६.८ ह्या आंकड्याचा मागचा इतिहास आनंदाचा आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तिसऱ्या फेरींत तेंच प्रमाण १६ होतें, २०१५-१६ च्या चौथ्या फेरींत ७.९ झालें. मुली शाळेंत अधिक वर्षें टिकूं लागल्या, लग्नें लांबलीं, आणि त्याचें फळ येथें दिसतें. परंतु ह्या आंकड्याच्या चाळणीतून कोण गळून जातें तेंहि पाहावें लागतें. जिला मूल झालें किंवा जी त्या दिवशीं गरोदर आहे, तीच ह्यांत मोजली जाते. जिचा गर्भ पडला अथवा पाडला गेला, ती ह्या ओळींत नाहीं. जी चौदा वर्षांची आहे, तीहि नाहीं. जिला आपल्याला दिवस गेल्याचें अजून उमगलेलेंच नाहीं, ती "नाहीं" असें अगदीं प्रामाणिकपणें सांगते, आणि तिचा प्रामाणिकपणा बेरजेंत तसाच उतरतो.

लग्नाच्या वयाच्या बाबतींत पाहणीकर्त्यांनीं एक शहाणपणा केलेला आहे. सोळा वर्षांच्या मुलीला "तुझें लग्न अठराच्या आंत झालें काय?" असें विचारून भागत नाहीं, कारण आज न झालेलें लग्न येत्या वैशाखांत होऊं शकतें. म्हणून तो हिशेब वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांवरून मांडतात. त्यांची अठरावी वर्षगांठ मागें पडलेली असते. त्या मापानें बालविवाहाचें प्रमाण देशांत २००५-०६ सालीं ४७.४, मग २६.८, आणि पांचव्या फेरींत २३.३ असें उतरलें. महाराष्ट्र २१.९ वर आहे. ही सरासरी वाचून पुण्यामुंबईच्या वाचकानें सुस्कारा सोडावा, तों जिल्हावार पान उघडतें आणि परभणीपुढें ४८, बीडपुढें ४३.७ असे आंकडे उभे राहतात. बीडच्या रानांतून दर सालीं हजारों कुटुंबें ऊसतोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. तेथें मजूर माणशीं मोजला जात नाहीं. नवराबायकोची जोडी मिळून एक "कोयता" धरला जातो. मोठ्या होऊं घातलेल्या मुलीला मागें एकटी ठेवावी तर घोर, फडावर न्यावी तर दुसरा घोर. आणि जोडी जमवून दिली तर घोरहि मिटतो नि नवा कोयताहि उभा राहतो. ह्या गणितांत आईबापांना नुसतें अडाणी म्हणून मोकळें होणें आम्हांस तरी जमत नाहीं.

आतां विचारण्याच्या रीतीकडे वळूं. आमच्या परिचयाच्या एका बाईंनीं अशा पाहण्यांच्या कामीं कित्येक वर्षें मराठवाड्यांत घरोघर जाऊन प्रश्नपत्रिका भरल्या आहेत. त्या म्हणतात कीं, प्रश्न कठीण नसतात, ओसरी कठीण असते. नव्या सुनेपुढें वही उघडली कीं सासू तांदळाचें सूप घेऊन शेजारीं येऊन बसते. "तिला काय विचारतां, तिला काय कळतंय? मला विचारा, मी सांगतें." म्हणून दोघी जणी असल्या तर एकीनें सासूबाईंना शेळ्या किती, पाऊस कसा, असल्या गोष्टींत गुंतवावें आणि दुसरीनें आंत चुलीपाशीं जाऊन सुनेचे प्रश्न उरकावेत, अशी युक्ति त्यांच्यांत चालत असे. मारहाणीविषयींच्या प्रश्नांना तर ह्या मोठ्या पाहणींत कडक नियम आहे: घरांतल्या एकाच स्त्रीला ते विचारावयाचे, आणि एकांत मिळाला नाहीं तर मुळींच विचारावयाचे नाहींत. नियम अत्यंत योग्य आहे. मात्र त्याचा अर्थ असाहि होतो कीं, ज्या घरांत मुलीला एक घटकाभर एकटें बोलतां येत नाहीं, त्याच घरची हकीकत कागदावर येत नाहीं.

संमतीचीहि एक मौज आहे. अशा पाहण्यांत अठरा वर्षांखालील अविवाहित मुलीशीं बोलण्यापूर्वीं आईबापांची परवानगी घेण्याची रीत आहे. तिच्याच वयाची विवाहिता मात्र आपली संमति आपण देऊं शकते. ज्या लग्नाला कायदा गुन्हा म्हणतो, त्याच लग्नानें मुलगी एका दिवसांत सज्ञान होते! ह्याहून चांगली तोड आम्हांस सुचते असें नाहीं. पण हें विसंगत आहे एवढें खरें.

शब्दांचा प्रश्न आम्हांस सर्वांत अधिक जिव्हाळ्याचा वाटला. छापील कागदावर "गर्भपात" असा शब्द असतो. तो ऐकून बाई गोंधळते किंवा चपापते, आणि नाहीं म्हणते. पण थोड्या वेळानें सहज बोलतां बोलतां "मागल्या साली पिशवी साफ केली होती" असें सांगून जाते. "मासिक पाळी" हे शब्द शाळेनें दिलेले. घरीं कावळा शिवतो, किंवा मुलगी बाहेर बसते. "अंगावरून जाणें" ह्यांत पांढरें किती आणि तांबडें किती, हें विचारणारीनें उकलावयाचें. गंमत अशी कीं, आमच्या पणज्यांच्या काळीं ही गोष्ट मुळींच गुप्त नव्हती. लग्न झालेल्या मुलीला न्हाण आलें कीं तिला मखरांत बसवीत, गाणीं म्हणत, आणि साऱ्या आळीला कळे. पुढें सुधारणा झाली, लग्नें उशिरां होऊं लागलीं, मखर गेलें. पण त्याच्या जागीं बोलण्याचा दुसरा कोणताच रिवाज आला नाहीं. आला तो वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेला पुडा.

मुलीला न विचारतां तिच्याविषयीं बोलण्याची आमची परंपरा जुनी आहे. १८८९ सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संगानें मरण पावली, आणि १८९१ मध्यें संमतिवयाचा कायदा होऊन तें वय दहावरून बारावर गेलें. त्या वादांत पुण्यास सभा झाल्या, पत्रें पेटलीं, शास्त्राधार निघाले. पुढें १९२८ सालीं सर मोरोपंत जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं संमतिवय समिति नेमली गेली. तिनें छापील प्रश्नावली पाठविल्या, प्रांतोप्रांतीं हिंडून साक्षी घेतल्या. एका अर्थीं आजच्या पाहण्यांची ती पणजीच. तिचा अहवाल १९२९ सालीं आला आणि त्याच वर्षीं शारदा कायदा होऊन मुलीचें लग्नाचें वय चौदा ठरलें. साक्षीदारांत डॉक्टर, वकील, पुढारी होते, स्त्रियाहि होत्या. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्या बारा-तेरा वर्षांच्या मुली मात्र बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून बोलत होत्या.

एक अपवाद ठळक आहे. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारणाऱ्या रखमाबाईंनीं १८८५ सालीं मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियांत बालविवाहाविषयीं पत्रें लिहिलीं. तीं त्यांनीं आपल्या नांवानें लिहिलीं नाहींत. "एक हिंदु स्त्री" अशी सही केली. पुढें त्या विलायतेंत शिकून डॉक्टर झाल्या, तें सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें महत्त्वाची वाटते ती ती आडपडद्याची सही. सुमारें १२० वर्षांनीं, २००६-०७ मध्यें, महाराष्ट्र धरून सहा राज्यांत तरुणांची एक मोठी पाहणी झाली. गोवंडीची संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल ह्या दोघांनीं ती केली, आणि पन्नास हजारांवर तरुणतरुणींशीं बोलणें झालें. तींत लग्नापूर्वींच्या शरीरसंबंधाविषयीं तोंडीं विचारून झाल्यावर प्रत्येकाच्या हातीं एक चिठ्ठी देत. तींत आपण खूण करावयाची, चिठ्ठी पाकिटांत घालून पाकीट आपल्या हातानें बंद करावयाचें, विचारणाऱ्यानें तें उघडावयाचें नाहीं. तोंडानें "नाहीं" म्हणालेल्यांपैकीं कांहींनीं पाकिटांत "होय" अशी खूण केली. पडदा मिळाला कीं बोलणें सुटतें, हें रखमाबाईंना कोणी शिकविलें नव्हतें.

ह्यावर आमचे बैठकींतले गृहस्थ म्हणणार, मग खेड्यांतल्या अज्ञानाला इलाज काय? आम्हांस हा प्रश्न खेड्यांपुरता वाटत नाहीं. शहरांतल्या आमच्या घरांत जीवशास्त्राच्या पुस्तकांतला तो धडा "घरीं वाचा" म्हणून गुरुजी सोडून देतात, आणि घरीं तो शाळेवर सोंपविलेला असतो. रघुनाथ धोंडो कर्व्यांनीं १९२७ पासून "समाजस्वास्थ्य" चालविलें. वाचकांच्या शंकांना उत्तरें दिलीं म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ सालीं डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. शंका विचारणाऱ्यांचा दोष कोणता, हें तेव्हां न्यायालयासहि नीटसें पटलें नसावें. पण दंड झाला तो उत्तर देणाऱ्याला. २००७ सालीं शाळांतून किशोरवयीन मुलांस शरीरशिक्षण देण्याची योजना आली, तेव्हां ती थोपविणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रहि होता.

कायद्याचा धाकहि येथें दुधारी आहे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलीशीं झालेला प्रत्येक शरीरसंबंध गुन्हा ठरला, आणि ज्यास तो कळेल त्यानें पोलिसांस कळविणें बंधनकारक झालें. हेतूविषयीं दुमत नाहीं. पण दिवस गेलेली सतरा वर्षांची मुलगी मग डॉक्टरकडे जाण्यास कचरते. तिच्या भीतींत तिची अब्रू असते, बापाचा राग असतो, आणि आतां पोलिसहि आले. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२२ च्या निकालांत ह्यावर एक वाट काढली: अशा मुलीनें व तिच्या पालकांनीं विनंति केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरानें पोलिसांस कळवितांना तिचें नांव व ओळख उघड करण्याची गरज नाहीं. ही वाट किती मुलींना ठाऊक आहे, हें कोणत्या पाहणींत विचारावें?

आमच्या परिचित बाईंनीं सांगितलेली एक गोष्ट येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. एका घरीं सतरा वर्षांच्या अविवाहित मुलीचे प्रश्न संपले; तिनें सगळ्यांस "नाहीं" असें उत्तर दिलें. वही मिटून बाई वेशीपर्यंत आल्या तों ती मुलगी घागर घेऊन मागून आली. "ताई, एक विचारू का? पाळी चुकली म्हणजे पोटात असतंच का?" पाहणीदारानें सल्ला देऊं नये, आरोग्यकेंद्राचें नांव सांगावें, असें बाईंना शिकविलेलें होतें. त्यांनीं गांवच्या आशाताईंना भेटावयास सांगितलें. मुलगी म्हणाली, "ती माझी सख्खी चुलती आहे." मग बाईंनीं तिला सांगितलें कीं, अंगांत रक्त कमी असलें, परीक्षेची काळजी असली, तरी पाळी पुढें जाते, दुसरें कांहीं असलें तर तें लघवीच्या साध्या तपासणीनें दोन मिनिटांत कळतें, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत ज्या नर्सबाई आहेत त्या चांगल्या आहेत. त्या नर्सबाईंचें नांव त्यांनीं एका चिठ्ठीवर लिहून दिलें. चिठ्ठीवर मुलीचें नांव नव्हतें. मुलीनें ती घडी करून बांगड्यांच्या आंत सरकविली, आणि सकाळची एस. टी. किती वाजतां सुटते, तें विचारलें.