काळा पडदा म्हणजे मेलेला लॅपटॉप नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पुण्यातल्या खराडीत, इऑन आयटी पार्कभोवतीच्या सोसायट्यांत, घरात जुना लॅपटॉप सापडणं नवलाचं नाही. विंडोज ११ न चालणाऱ्या अशा धडधाकट यंत्रांवर आता उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं जातं. इन्स्टॉलेशन सुरळीत होतं, पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं जातं, आणि समोर नुसता काळा पडदा येतो.

यावर दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: पुन्हा फॉरमॅट मारू. लिनक्सवर काम करणारी व्यक्ती म्हणून मला हे पटत नाही. कारण न शोधता पुन्हा इन्स्टॉल केलं, तर तोच दोष बहुधा परत येतो. आधी पाहायचं ते हे, की यंत्र कुठपर्यंत पोचलं?

बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश आला, तर लिनक्स सुरूच झालेलं नसतं. पेन ड्राइव्ह लेगसी या जुन्या बूट मोडमध्ये चालवला आणि लॅपटॉप यूईएफआय या नव्या मोडवर ठेवला, की असं होतं. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबचा मेनू दिसून मग पडदा काळा झाला, तर पहिला संशय ग्राफिक्सवर घ्यावा, त्यातही एनव्हिडियाचं कार्ड असेल तर नक्कीच.

एनव्हिडियाचं कार्यालय खराडीजवळच येरवड्यात आहे. पण या कंपनीच्या कार्डांची अंतर्गत माहिती वर्षानुवर्षं बंद राहिली, आणि नूवो हा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांना कार्डांचं वागणं तपासत लिहावा लागला. मे २०२२मध्ये कंपनीनं कर्नल मॉड्यूल खुले केले खरे, पण ते ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांपुरते. म्हणजे कपाटातल्या जुन्या लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही. तिथे ग्रबमध्ये ई दाबून लिनक्स शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहावं आणि एफ-१० दाबावं. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो. डेस्कटॉप उघडला की ड्रायव्हर मॅनेजरनं शिफारस केलेलाच ड्रायव्हर घ्यावा, सर्वांत नवा नव्हे. मॅक्सवेल आणि पास्कल या जुन्या पिढ्यांच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे.

इथे आणखी एक अडसर असतो. सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवायची असते. घाईत लोक कंटिन्यू दाबतात. मग ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण कर्नल तो घेत नाही.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येत असेल, तर डिस्क भरली आहे का ते पाहावं. मिंटवर होम फोल्डरमधल्या एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे गेली, तरी हेच घडतं.

पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपसारख्या मंडळींकडे किंवा दुकानात जाण्याआधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबून पाहा. लॉगिनची ओळ आली, तर लिनक्स चालू आहे आणि अडचण फक्त चित्र दाखवण्याची आहे. तिथे लॉगिन करून जर्नलसीटीएल या आज्ञेला उणे बी जोडा, लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढा आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी तो दाखवा.