पद्मिनीची मागची चाकं

आमच्या घरी १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळ घराणं फियाट ११००चं. १०८९ सी.सी.चं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रिटायर झाली, पण आमचं हे ध्यान अजून नोकरीत आहे!

गेल्या दिवाळीत मात्र तिच्या मागच्या ॲक्सलने मान टाकली. डाव्या बाजूची बेअरिंगची बैठक झिजलेली आणि हाऊसिंगमधलं ऑईल थेट ब्रेक ड्रममध्ये! ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. धड हाऊसिंग जुन्या बाजारात शोधून मिळेना. तेव्हा चुलतभावाने, म्हणजे दादाने, फर्मान काढलं, "नाहीतरी ॲक्सल बनवायचाच आहे ना? मग दुसऱ्या गाडीचा दणकट ॲक्सल कापून बसवू आणि मागे १९५चे टायर टाकू. बघ कशी वाघीण दिसते!"

घरात मेकॅनिकलचा पोरगा असल्यावर हिशेब कोणाच्या गळ्यात पडणार, हे सांगायला नको.

मूळ टायर ५.२०–१४, म्हणजे रुंदी साधारण १३२ मि.मी. १९५चा टायर घेतला की ६३ मि.मी. वाढतात, दोन्ही अंगांना एकतीस-बत्तीस. आत पाटे आहेत, बाहेर मडगार्ड. मग दोनच वाटा उरतात. एक तर रिम बाहेर काढायचं किंवा ॲक्सलच आखूड करायचा. रिम बाहेर काढलं तर ओझं बेअरिंगपासून लांब जातं. एका चाकावर ३०० किलो धरले आणि चाक ३० मि.मी. बाहेर गेलं, तर शाफ्टवर सुमारे ८८ न्यूटन-मीटरचा जादा बेंडिंग मोमेंट येतो. मागचा शाफ्ट सेमी-फ्लोटिंग असला की तो चाक फिरवतोही आणि गाडीचं ओझंही पेलतो. असा शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला, तर चाक गाडीला रामराम ठोकून पुढे निघून जाऊ शकतं.

दुसरी वाट ॲक्सल आखूड करण्याची. ऐकायला सोपी, पण हाऊसिंगची नळी कापून पुन्हा जोडताना ती सुतात राहिली पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेने ती हमखास वाकते, म्हणून जिगमध्ये धरावी लागते. शाफ्ट आखूड करून नव्या स्प्लाईन्स पाडायच्या. पाट्यांच्या बैठकीही नेमक्या कोनात हव्यात. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन जुळले नाहीत, तर एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो आणि गाडी थरथरते. हे प्रकरण टी.ओ.एम.मध्ये आपण सगळ्यांनीच ओरलसाठी घोकलेलं असतं!

आता पकडीचं बघू. ३०० किलोचं ओझं आणि टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला दोन किलो हवा असेल, तर रस्त्याला टेकणारा भाग ढोबळमानाने दीडशे चौरस सेंटिमीटरच राहतो. टायर रुंद केला की हा ठसा आडवा वाढतो आणि उभा आखडतो. वळणावर त्याचा फायदा होतो, हे खरं. पण पावसात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि गाडी पाण्यावर तरंगायची भीती वाढते. शिवाय वळणावर पकड जितकी जास्त, तितका शाफ्टवरचा ताणही जास्त.

कायद्याचा मुद्दा वेगळाच. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. आमची पन्नाशी २०२८मध्ये!

बाबा या सगळ्या चर्चेत गप्प होते. तुटपुंज्या पगारातून पैसे साठवून त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली होती. शेवटी एवढंच म्हणाले, "हातपाय नवे लावा, पण चाल तिचीच राहू दे."

मग गाडी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेली. मिस्त्रींनी हाऊसिंगचं झिजलेलं टोक कापलं, लेथवर नवं टोक तयार करून वेल्ड केलं आणि बेअरिंगची बैठक वेल्डिंगनंतरच बोअर केली. मी जुने शाफ्ट कॉलेजच्या लॅबमध्ये आणून डाय पेनिट्रंट टेस्ट केली. डाव्या शाफ्टवर, बेअरिंगशेजारच्या खांद्यापाशी, केसासारखी लाल रेघ उमटली. क्रॅक! ती पाहून माझ्या पोटात गोळाच आला. आई दर रविवारी याच गाडीत मागे बसून मावशीकडे जायची.

दादाला रेघ दाखवली. बराच वेळ तो शाफ्ट हातात फिरवत राहिला, मग म्हणाला, "१९५चं राहू दे."

शाफ्ट दोन्ही बाजूंचे नवे करून घेतले. ईएन-२४ स्टील वापरलं, मापं मूळचीच ठेवली, फक्त खांद्याची फिलेट रेडियस बेअरिंगला न अडता जेवढी वाढवता आली तेवढी वाढवली. कोपरा गोल केला की ताण एका जागी साठत नाही, हे मशीन डिझाईनच्या पेपरात दोन मार्कांना लिहितात. त्या दोन मार्कांची किंमत मला त्या दिवशी कळली.

गाडी आता ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते. टायर मूळ मापाचेच आहेत. दादाचे मित्र म्हणतात, "एवढा खर्च केला आणि दिसत तर काहीच नाही!" बाबांना ही त्यांच्या गाडीची सगळ्यात मोठी स्तुती वाटते.