आमच्या घरचे दोन कोळी

“दादी, मी दोन कोळी आणलेत,” थोरल्याने दारातूनच सांगितलं, तेव्हा दादीने तांदूळ निवडता निवडता विचारलं, “मग मासळी कुठे आहे?”

दादीची चूक नव्हती. आगाशीत कोळी म्हटला की अर्नाळ्याचा. सकाळी टोपली घेऊन येणारा, नाहीतर होडीवरचा. थोरल्याने खिशातून औषधाच्या बाटलीएवढ्या दोन डब्या काढल्या. झाकणाला सुईची भोकं, तळाला काथ्याचा ओलसर भुसा आणि भुशावर तपकिरी रंगाचं, नखाएवढं काहीतरी. पाय मोजून पाहिले, आठ भरले. दादी ताट घेऊन आत निघून गेल्या आणि आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो.

२०२३ च्या रमजान ईदचे दिवस होते. बारावीत जाणाऱ्या मुलाने सगळी ईदी एकत्र करून मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून टॅरंटुलाची दोन पिल्लं घेतली होती. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरंटुला. मोठा झाला की तळहाताएवढा होतो, पायांच्या सांध्यांवर नारंगी पट्टे येतात. मादी असेल तर वीस-पंचवीस वर्षंही जगते, नर मात्र वयात आल्यावर फार दिवस टिकत नाही. “म्हणजे तुझं लग्न होईल, मुलं होतील, आणि हे तेव्हाही असणार?” आम्ही विचारलं. तो हसला. एवढ्याशा पिल्लात नर-मादी कळत नाही, असं म्हणाला.

धाकटीने लगेच नावं ठेवली. जरा भरलेला तो राजेळी, बारीक तो सुकेळी. आगाशीच्या पोरीला याहून वेगळं काय सुचणार? पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होते, हे तिने बोलायला लागल्यापासून पाहिलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात घरात बराच वाद झाला. आमचं म्हणणं साधं होतं. विषारी जनावर घरात नको, आणि मुक्या जिवाला डबीत कोंडायचं कशाला? थोरल्याकडे उत्तरं तयार होती. या अमेरिकेतल्या टॅरंटुलाचं विष माणसाला फारसं बाधत नाही, पण तो पोटावरचे केस झाडतो आणि ते कातडीला, डोळ्याला खाजतात, म्हणून हात लावायचा नाही. आपल्याकडच्या टॅरंटुलांना असे केस नसतात, मात्र त्यांचा दंश जास्त जहाल, स्नायूंत गोळे येतात. “आपल्याकडचे?” आम्ही चमकलो. मग त्याने दाखवलं. आपल्या पश्चिम घाटात जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारे करड्या-पांढऱ्या नक्षीचे मोठे कोळी आहेत. त्यांतल्या एका जातीला ब्रिटिश म्युझियमच्या पोकॉकसाहेबांनी १८९९ साली नाव दिलं. त्याच वर्षी त्यांनी आंध्रातल्या गुटीच्या एका निळ्या कोळ्याचीही नोंद केली. तो तिथल्या रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडला होता. त्यानंतर तो निळा कोळी शंभर वर्षं कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा मिळाला. आज तो नाहीसा होण्याच्या काठावर आहे. जंगल तुटतं आहे, आणि हौसेच्या बाजारासाठी त्याला पकडणारेही आहेत. तेव्हा आम्ही एक अट घातली: जंगलातून काहीही उचलून आणायचं नाही, आणि जे आणलं आहे त्याचं कागदपत्र नीट ठेवायचं. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत अशा परदेशी प्राण्यांची नोंद करायचे नियम निघाले. दिलेल्या सहा महिन्यांत आम्ही परिवेश पोर्टलवर ती करून टाकली. लाल गुडघ्यांच्या कोळ्याच्या व्यापारावर १९८५ पासून आंतरराष्ट्रीय बंधन आहे, हे आम्हाला तो फॉर्म भरताना कळलं. खरेदीच्या आधी कळायला हवं होतं.

दादी मात्र विष, कायदा यांत पडल्या नाहीत. त्यांनी नातवाला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, लहानग्या अबू उमैरची. त्याचा पाळलेला पक्षी मेला तेव्हा हुजूर (स.) त्याच्याशी किती मायेने बोलले होते. दुसरी त्या बाईची, जिने मांजर बांधून ठेवलं, त्याला खायला दिलं नाही, सोडलंही नाही, आणि त्यापायी ती जहन्नमची धनी झाली. “पाळ बाबा,” दादी म्हणाल्या, “पण उपाशी ठेवलंस तर जाब तुलाच द्यावा लागेल.”

ही दुसरी गोष्ट त्यांनी मनापासून सांगितली होती. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

खायला घालणं वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. टॅरंटुला जिवंत किडे खातो. शिकार दातांत चिरडत तिच्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. शेवटी उरतो एक सुका गोळा. नखाएवढ्या पिल्लाला मात्र त्याच्या पोटापेक्षा मोठं काही द्यायचं नाही. आधी चिलटं दिली. आमच्या घरात पिकत्या केळ्यांवर चिलटांची काय कमी! बरणीत केळ्याची साल ठेवायची, चिलटं जमली की झाकण लावून बरणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची. थंडीने ती सुस्तावतात, मग डबीत सोडता येतात. फ्रिजमध्ये कालवणाच्या पातेल्याशेजारी चिलटांची बरणी, हे चित्र पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून आम्ही काय काय केलं ते विचारू नका.

चिलटं पुरेनात, तेव्हा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातून पिवळसर अळ्या आणल्या. त्या गव्हाच्या कोंड्यात वाढतात. जन्मभर पिठातले किडे चाळून फेकणाऱ्या बाईच्या घरात आता किड्यांसाठी कोंडा विकत आणला जाऊ लागला! अळीचा तुकडा करून ठेवला की पिल्लू रात्री येऊन खातं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचंच, नाहीतर बुरशी धरते, आणि वसईच्या पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण लागत नाही. वाडीतले किडे द्यायचे नाहीत, फवारणीचं औषध त्यांच्या अंगात असू शकतं. मुंग्या ही आणखी एक डोकेदुखी. त्यावर दादींनीच तोड सांगितली. पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तशा आता डब्यांच्या स्टुलाखाली ठेवल्या. आठवड्यातून दोनदा जेवण, भुशाचा एक कोपरा ओला, आणि बाकी वेळ त्यांना एकटं सोडायचं. एकत्र ठेवले तर एक दुसऱ्याला खातो, म्हणून डब्या वेगळ्या.

आणि एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा. कोळी कात टाकतो. त्याआधी त्याचं पोट काळपट, तुकतुकीत दिसू लागतं आणि तो खाणं बंद करतो. कधी आठ दिवस, कधी महिनाभरही. मग पाठीवर उताणा पडून जुनं कातडं सोडतो. त्या वेळी आणि नंतर काही दिवस त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, दातही मऊ. तेव्हा डबीत जिवंत किडा राहिला, तर शिकार कोण आणि शिकारी कोण हे उलटं होतं.

हे थोरल्याला माहीत होतं, आम्हालाही ऐकून माहीत होतं. दादींना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात नालासोपाऱ्याला नात्यातलं लग्न होतं. दोन रात्री आम्ही सगळे तिकडे. गुडघ्यांमुळे दादी घरीच थांबल्या, शेजारची फुफी सोबतीला. सुकेळी नऊ दिवसांपासून खात नव्हता. थोरल्याने डबीवर चिठ्ठी चिकटवली होती, खायला देऊ नये अशी. पण ती इंग्रजीत. दादी उर्दू वाचतात, मराठी वाचतात. इंग्रजी वाचत नाहीत.

परत आलो तेव्हा सुकेळीच्या डबीत एक धडधाकट रातकिडा बसला होता. सुकेळीचे चार पाय उरले होते आणि बाजूला अर्धवट सुटलेली कात.

थोरला ओरडला. दादींवर आमच्या घरात आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” तो म्हणाला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दादी पडवीत बसून राहिल्या. त्या रात्री बिर्याणीचा डबा लग्नघरातून आलेला तसाच राहिला. आत एक जण उपाशी, बाहेर एक जण उपाशी. आम्ही दोघे एकेक ताट घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो, दोन्ही ताटं परत आली. मुलाला रागवावं तर त्याचं दुःख खरं होतं, आणि दादींना काय सांगावं हे आम्हाला सुचेना. त्यांना चिठ्ठी वाचता येणार नाही हे त्याच्या नाही, आमच्या तरी ध्यानात यायला हवं होतं. निघताना ती डबी आम्हीच स्टुलावर नीट ठेवली होती.

फजरच्या नमाजनंतर दादी त्याच्या दाराशी गेल्या. आम्हाला अर्धंच ऐकू आलं. “नऊ दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं रे. तू इथे नव्हतास. मला रात्री ती मांजरवाली आठवली. पडवीत रातकिडा ओरडत होता, तो वाटीखाली धरला. या गुडघ्यांनी कसा धरला ते माझं मला माहीत.” मग बराच वेळ काही नाही. मग दार उघडल्याचा आवाज.

सकाळी सोनचाफ्याच्या बुंध्याशी धाकटीने काडेपेटी पुरली. थोरल्याने तिथेच बसून दादींना कात दाखवली, कोळी तिच्यातून कसा बाहेर येतो ते समजावलं. कुठून फाटते, पाय हातमोज्यातून बोटं काढावीत तसे कसे निघतात. दादी चष्मा लावून बघत होत्या. “सुभानअल्लाह,” एवढंच म्हणाल्या.

राजेळी आज आमच्याकडे आहे. थोरला कॉलेजसाठी सकाळची लोकल पकडतो, त्यामुळे जेवणाचं खातं दादींकडे आलं आहे. अळीचे तुकडे त्या जुन्या आडकित्त्याने करतात. सुपारीचा आडकित्ता वेगळा, हा वेगळा, आणि दोघांची अदलाबदल होऊ नये म्हणून याला लाल दोरा बांधला आहे. राजेळीच्या गुडघ्यांवर आता नारंगी रंग चढू लागला आहे. सध्या बारा दिवस झाले, तो खात नाही. डबीवर नवी चिठ्ठी आहे, दादींच्या हातची, उर्दूत, मोठ्या अक्षरांत. ती आता थोरल्याला वाचता येत नाही.

आडकित्ता खिळ्याला टांगलेला आहे. सकाळी दादी डबीपाशी जातात, लांबूनच बघतात आणि धाकटीला विचारतात, “भुशाचा कोपरा ओला केलास का?”