वेंगुर्ल्याच्या खडकांवरची पाखरं

भिलाईहून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच. पण दुर्गजवळच्या शिवनाथ नदीवर सुरय दिसतो. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, पाण्यावर घिरट्या घालता घालता एकदम सूर मारणारा. त्याचे समुद्रावरचे भाऊबंद त्यांच्याच घरी पाहायचे होते. म्हणून दुर्गहून मुंबई गाठली आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ. तिथून एसटीने वेंगुर्ला.

मार्चचा समुद्र शांत होता. बंदरातून पहाटेच होडीने निघालो. उन्हं वर येईतो वेंगुर्ला रॉक्सचे काळे सुळके दिसू लागले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोरचा हा खडकांचा पुंजका जहाजांना धोक्याचा, म्हणून इथे दीपगृह उभं आहे. शेत नाही, घर नाही. पावसाळ्यात उगवलेलं गवत आता पार करपलेलं. माणसाला इथे काहीच मिळत नाही, म्हणूनच पक्ष्यांचं इथे निभतं.

एका कड्यावर शेंडीवाले मोठे सुरय वाऱ्याकडे तोंड करून रांगेने बसले होते. वरून पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड गेला आणि सगळी रांग एका दमात उठली. ब्रायडल्ड टर्न या जातीचे सुरय मात्र या दिवसांत नसतात. ते अंडी घालायला पावसाळ्यात येतात. खवळलेल्या समुद्रात इकडे होडी फिरकत नाही, तेव्हा तो समुद्रच त्यांची राखण करतो. पक्षी-अभ्यासक ए. ओ. ह्यूम १८७५ च्या फेब्रुवारीत इथे आले, तेव्हा त्यांना सुरयांचे वाळून गेलेले देह आढळले होते. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं, ते १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आलं.

याच पुंजक्यातल्या बर्न्ट आयलंडच्या गुहेपासून अंतर राखून तांडेलाने इंजिन बंद केलं. म्हणाला, "आत जावचा नाय. पाखरां उडान जातली." काळपट, बोटभर पाखरं त्या अंधारात सुसाट शिरत होती. ही भारतीय पाकोळी. दक्षिण-पश्चिम भारत आणि श्रीलंका सोडून जगात कुठेही नाही. लाटांच्या आवाजात मधूनच बारीक टकटक ऐकू आली. या आवाजाचा प्रतिध्वनी टिपत ती मिट्ट काळोखातही भिंतीला न धडकता आपलं घरटं गाठते. तिचे पाय जमिनीवर चालायचे नव्हेत, उभ्या कातळाला लटकायचे. घरटं म्हणजे कातळाला चिकटवलेली अर्धी वाटी. स्वतःच्या लाळेत ती पिसं आणि काड्या कालवते आणि ती लाळ वाळून घट्ट होते. त्या वाटीत पांढरी दोन अंडी.

हीच लाळ तिच्या जिवावर उठली. पूर्व आशियात या घरट्यांचं सूप करतात आणि त्याला भारी किंमत मोजतात. त्या पैशासाठी इथली घरटी खरवडली जात होती. घरटं निघालं की अंडी जातात, पिल्लं जातात आणि तो हंगाम फुकट जातो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी या शतकाच्या सुरुवातीला वनखात्याच्या मदतीने ही चोरी रोखायचं काम हाती घेतलं. म्हणून आज आपल्याला ही टकटक ऐकता येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्याला हात लावणं गुन्हा आहे. पण एवढ्या लांबच्या खडकावर पहारा कोण आणि किती दिवस देणार? तेव्हा वेंगुर्ल्याला जाल तर खडक होडीतूनच पाहा. उतरू नका, गुहेत शिरू नका, ड्रोन उडवू नका. कुणी घरटं दाखवतो म्हणाला, तर सरळ नाही म्हणा आणि वनखात्याला कळवा.