नदीचे पंचांग

नदीचा प्रवास म्हटला की माळव्या-निमाडातल्या मराठी माणसाला प्रथम आठवते ती परिक्रमा. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवावयाची, काठाकाठाने चालावयाचे आणि प्रवाह ओलांडावयाचा नाही, हा तिचा दंडक. नदी ही दर्शनाची, पूजनाची, फार तर पर्वणीला बुडी मारण्याची गोष्ट. तिच्या पाठीवर बसून, तिच्याच गतीने चार दिवस खाली वाहत जावे आणि वाटेतल्या डोहांत गळ टाकीत राहावे, ही कल्पना आपल्या समाजात फारशी रुजलेली नाही. तरीही येत्या दिवाळीनंतर तसा बेत आम्ही आणि आमच्या चार स्नेह्यांनी योजला आहे. बेत अजून कागदावरच आहे. पण त्या कागदाने गेल्या सहा महिन्यांत आम्हांला इतके काही शिकविले की, प्रवास घडण्यापूर्वीच त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

नदी आहे कुमाऊंची काळी. सुगौलीच्या तहाने १८१६ साली तिला नेपाळची पश्चिम सीमा ठरविले. आजही तिचा एक काठ आपला, दुसरा नेपाळचा. पिथौरागढ आणि चंपावत या जिल्ह्यांच्या कडेने ती दक्षिणेस उतरते. लोहाघाटपासून सुमारे चाळीस किलोमीटर वळणे घेत खाली गेले की पंचेश्वर लागते. येथे शरयू काळीला मिळते. टनकपूरच्या मैदानात उतरल्यावर काळीचे नाव शारदा होते, शारदा पुढे घाघरेत जाते आणि त्याच घाघरेला अयोध्येचे लोक शरयू म्हणतात. पंचेश्वरला जिने आपले नाव सोडले, तिला ते इतक्या दूर खाली परत मिळावे, ही गंमत भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात कोणी सांगत नाही.

मागच्या एका मे महिन्यात आम्ही मोटारीने संगमापर्यंत जाऊन आलो होतो. काठावर चौमू देवतेचे स्थान आहे. हा गुराढोरांचा रक्षक. लोक त्याला घंटा वाहतात, दुभत्या जनावराचे दूध अर्पण करतात. त्या घंटांच्या ओळीखाली उभे राहून पाहिले, तर शरयूचे पाणी हिरवट आणि बरेचसे निवळ, काळीचे मात्र राखेच्या रंगाचे. दोन्ही पाणी कितीतरी अंतर एकमेकांना न शिवता शेजारून चालत होते. वर हिमालयात बर्फ वितळत होते आणि काळी त्याची माती घेऊन येत होती. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने अशी नदी आंधळी: माशाला आमिष दिसत नाही, माणसाला मासा दिसत नाही.

तेथूनच आमच्या अडचणीला प्रारंभ झाला. शाळा सरकारी, आणि शिक्षकाची मोठी सुटी मे महिन्यात. नदी मात्र आपले पंचांग शिक्षणखात्याला विचारून ठरवीत नाही. तिचे दोनच मुहूर्त. एक फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, बर्फाचे पाणी वाढण्यापूर्वीचा. दुसरा पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा. पहिल्या मुहूर्तावर आमच्या बोर्डाच्या परीक्षा असतात. मुख्याध्यापकाने परीक्षाकेंद्र सोडून नदीवर जावे, हे आम्हांला स्वतःलाच मान्य होणारे नाही. एप्रिलमध्ये नवे सत्र आणि प्रवेश. राहता राहिली दिवाळी. तीही जेव्हा अधिक मासामुळे नोव्हेंबरात सरकते, तेव्हा पाणी गार होऊ लागलेले असते, आणि गार पाण्यात हा मासा अन्नावरची वासना सोडून तळाशी निजून राहतो. म्हणजे भाऊबीज आटोपताच निघावयाचे आणि थंडी वाढण्याआधी परतावयाचे, एवढीच फट आम्हांला उरली.

‘हा मासा’ म्हणजे महाशीर. आमच्या नर्मदेवर त्याला बाडस म्हणतात. आमच्या लहानपणी मंडलेश्वरच्या घाटावर आजोबा सायंकाळी कणकेच्या गोळ्या टाकीत, आणि ताटाएवढे खवल्यांचे अंग पाण्यावर उलटून क्षणात नाहीसे होई. नाणे पडावे तसा एक चमकारा, एवढेच दिसे. मध्यप्रदेश शासनाने २०११ साली महाशीराला राज्याचा मासा ठरविले. पण तोवर तो घाटावरून जवळजवळ दिसेनासा झालेला होता. वाहते, दगडगोट्यांवरून आपटत आलेले, प्राणवायूने भरलेले पाणी हे त्याचे घर. अंडी घालावयास तो प्रवाहाविरुद्ध वर, लहान उपनद्यांच्या उथळ पाण्याकडे जातो. नर्मदेवर २००५ साली इंदिरासागर आणि २००७ साली ओंकारेश्वर ही धरणे कार्यान्वित झाली; २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच पूर्ण भरले आणि बडवानीकडचा काठ तळ्याचा काठ झाला. वीज आली, शेताला पाणी आले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या शाळेतले दिवेही त्याच विजेवर लागतात. परंतु वाहणारी नर्मदा थांबली आणि बाडसाची वाट मोडली, हेही तितकेच खरे. बडवाहच्या वनखात्याने त्याची पैदास करण्याचे प्रयोग हाती घेतले. तिकडे महाराष्ट्रात टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पिले तयार केली जातात. आणि महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे म्हणून काळ नदीतल्या महाशीरांना कोणी हात लावीत नाही. तेथे देवीची भीती हाच कायदा आहे, आणि इतर अनेक कायद्यांपेक्षा तो अधिक पाळला जातो.

काळीतला महाशीर हा सोनेरी जातीचा. नर्मदेच्या बाडसाचा चुलतभाऊ म्हणावा. तोही आता जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. त्याच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात. शिंपला सुद्धा तो तेथे भरडतो. आमिष घेतल्यावर तो प्रवाहाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो, तिच्यावर इंग्रज साहेबांनी पानेच्या पाने लिहून ठेविली आहेत. कॉर्बेटच्या १९४४ सालच्या नरभक्षकांवरील पुस्तकात सगळी वाघांची कुळकथा. मध्येच एक प्रकरण मात्र केवळ या माशावर आहे. त्याच पुस्तकातली ठाकची वाघीण त्याने १९३८ साली मारली, ते ठाक आणि त्याखालचे चूका ही गावे आमच्या वाटेवरच, शारदेच्या काठी आहेत.

आता थोडे गळाविषयी. आपल्याकडे गळ म्हणजे काठी, दोरा, काटा आणि काट्याला गांडूळ किंवा कणीक. त्यात वजन आमिषाच्या बाजूला असते आणि ते दोऱ्याला ओढून नेते. कृत्रिम माशीच्या गळात हा हिशेब उलटा आहे. पिसे आणि केस बांधून केलेली ती माशी वाऱ्याने उडेल इतकी हलकी. वजन असते ते जाड दोरीत. नऊ फुटांची लवचिक काठी मागे-पुढे झुलवून ती दोरीच हवेत उलगडावयाची आणि तिच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर ठेवावयाची. महाशीरासाठी खरे तर माशी नव्हेच, लहान मासोळीसारखी दिसणारी पिसांची बाहुली बांधतात. आमचे एक स्नेही कोकणातून येऊन इंदुरास स्थायिक झालेले, गळात मुरलेले. त्यांनी आम्हांला शाळेच्या मैदानावर, पाण्याशिवाय आणि काट्याशिवाय, दोरीच्या टोकाला लाल लोकर बांधून हे शिकविले. रविवारी सकाळी मुख्याध्यापक दोरी झुलवीत आहेत हे पाहण्यास कुंपणापलीकडे जो प्रेक्षकवर्ग जमला, तेवढी उपस्थिती आमच्या व्याकरणाच्या तासाला कधी लाभली नाही.

घरात या बेताला विरोध होईल तो दिवाळीच्या मुद्द्यावर, असे आम्ही धरून चाललो होतो. तो झाला नाही. सौ.ने वेगळाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “खाण्यासाठी धरणार असाल तर मी समजू शकते, कोळी धरतोच. पण तुम्ही म्हणता, धरून परत सोडणार. सोडायचाच, तर त्या मुक्या जिवाच्या ओठात काटा घालायचा कशाला?”

हा प्रश्न आम्ही स्नेह्यांपुढे ठेवला, तेव्हा बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कोकणस्थ स्नेह्यांनी कावेरीचा दाखला दिला. कर्नाटकात भीमेश्वरीच्या परिसरात गळाच्या छावण्या होत्या. पूर्वी चोरून मासे मारणारी काठावरचीच माणसे तेथे वाटाडे म्हणून नोकरीस लागली आणि त्यांनीच डोह राखले. २०१० नंतरच्या वर्षांत अभयारण्याच्या नियमांमुळे तेथील गळ बंद झाला. कुमाऊं-गढवालच्या नद्यांत डोहात स्फोटके टाकून एका धडाक्यात पिलांसकट सगळे मासे मारण्याचे प्रकार होत आले आहेत. जिवंत महाशीरामुळे काठच्या माणसाच्या घरी चार पैसे येत असतील, तर तो स्फोटक टाकणाऱ्याचा हात धरील, असा त्यांचा युक्तिवाद. आम्हांला तो पटतो; पण पूर्ण पटत नाही. माशाला होणारा त्रास त्याने कमी होत नाही, तो उपयोगी लागतो एवढेच. म्हणून आम्ही आमच्यापुरते काही ठरविले आहे. काटा उलट दात नसलेला. मासा पाण्याबाहेर काढावयाचा नाही, ओल्या हाताने पाण्यातच मोकळा करावयाचा. आणि एकाने दिवसाकाठी एक मासा धरला की त्याने काठी गुंडाळून ठेवावयाची. सौ.चे समाधान झाले असे म्हणता येत नाही; “मग एकही लागला नाही तर उत्तमच,” एवढे ती म्हणाली.

मार्गाचा हिशेब असा. दिल्लीहून टनकपूरपर्यंत रेल्वे; तेथून चंपावतवरून लोहाघाट. लोहाघाटला एक मुक्काम, कारण जवळच मायावतीचा अद्वैताश्रम आहे. १८९९ साली तो स्थापन झाला आणि १९०१ च्या जानेवारीत स्वामी विवेकानंद तेथे राहून गेले. इतक्या जवळ जाऊन तो न पाहणे हे आम्हांस शक्य नाही, मासे थांबतील. पंचेश्वरहून टनकपूरच्या वरच्या बूमपर्यंत नदीने सत्तर किलोमीटरांच्या आसपास अंतर पडते. नुसते वाहत गेले तर रबरी होडी ते दोन दिवसांत कापील. आम्ही चार दिवस धरले आहेत, कारण आम्हांला पोहोचावयाचे नसून थांबावयाचे आहे. दोन होड्या: एकीत माणसे, दुसरीत तंबू, शिधा, भांडी. वल्ही मारणारे आणि वाटाडे तेथलेच, अनुभवी. या बाबतीत काटकसर करू नये.

पाच जणांत दोघांना पोहता येत नाही. त्यांतले एक आमचे भूगोल-शिक्षक, वय साठीला टेकलेले, आणि नदीची सर्वांत अधिक माहिती त्यांनाच. पट्टीचा पोहणारा असो वा नसो, होडीत बसल्या क्षणापासून उतरेपर्यंत तरंगते जाकीट आणि शिरस्त्राण काढावयाचे नाही, हे लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत. मुख्याध्यापकाची सवय सहजासहजी सुटत नाही. चूक्याचा खळाळ या वाटेवरचा नावाजलेला. तेथे ज्याला वाटेल त्याने काठाने चालत जावे, आणि त्याला कोणी हसू नये. रात्रीचा तंबू वाळूच्या पट्ट्यावर, पण पाण्यापासून चांगला उंच. कारण वर धौलीगंगेवर २००५ पासून वीजकेंद्र आहे, आणि वर पाणी अडले-सुटले की खाली नदी चढते-उतरते. नदी सीमेची असल्याने प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवे आणि चौकीवर आगाऊ वर्दी हवी. गळाच्या परवान्यासाठी कोणता काठ कोणत्या खात्याकडे हे तेथल्या वनाधिकाऱ्यांकडून लेखी मागविले आहे. तोंडी आश्वासनावर आम्ही विसंबत नाही.

इतकी घाई कशाला, निवृत्तीनंतर जा, असे काही हितचिंतक सुचवितात. निवृत्तीला आमची चार वर्षे आहेत. काळीजवळ किती वर्षे आहेत हे सांगता येत नाही. भारत आणि नेपाळ यांच्या १९९६ च्या महाकाली करारात पंचेश्वरचे धरण आहे. संगमाच्या खाली अडीच किलोमीटरांवर तीनशे मीटरांहून उंच बांध, आणि आणखी खाली रूपालीगाड येथे पाणी नियंत्रित करणारा दुसरा. ऑगस्ट २०१७ मध्ये चंपावत, पिथौरागढ आणि अल्मोडा येथे जनसुनावण्या झाल्या. धरण अजून उभे राहिलेले नाही. उभे राहील तेव्हा चौमूच्या घंटांचा काठ पाण्याखाली जाईल आणि आम्ही आखलेली वाट दोन भिंतींनी अडेल. ते व्हावे की न व्हावे यावर इंदुरात बसून निवाडा देणे आम्हांस शोभत नाही. ज्यांची गावे जाणार आणि ज्यांना वीज मिळणार, त्यांचा तो प्रश्न. पण नर्मदेचे वाहणे आम्ही काठावरून पाहिले, तिच्या अंगावर कधी बसलो नाही, आणि आता ती संधी उरली नाही. काळीच्या बाबतीत तसे व्हावयास नको.

शिध्याची चिंता अनपेक्षितपणे सुटली. चार दिवस न बिघडणारे, ओलाव्यात तग धरणारे, चुलीविना खाता येणारे असे काय न्यावे, याची यादी करीत होतो, तेव्हा धाकट्या भगिनीने देवासहून कळविले की भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर फराळ तीच देईल. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, शिवाय थालिपीठाची भाजणी आणि मेतकूट. डबे पत्र्याचे, झाकणाला मेणकापड बांधलेले. रजेचा अर्ज गेल्या आठवड्यात वर पाठविला आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.