मोकळी रांग

बारावी होताच आमच्या कन्येपुढे प्रश्न पडला: अर्थशास्त्र घ्यावं की ऑपरेशन्स रिसर्च? मला असले प्रश्न कधी पडले नाहीत. पोलादपूरहून एस.टी.नं महाडला आलो, जी रांग मोकळी दिसली तिच्यात उभा राहिलो. ती कॉमर्सची निघाली. तीच पुढे बँकेच्या काउंटरमागे येऊन थांबली.

"बाबा, ऑपरेशन्स रिसर्च दुसऱ्या महायुद्धात वाढलं. गिऱ्हाइकं किती, खिडक्या किती, याचंसुद्धा त्यात गणित असतं."

"त्यात गणित कसलं? खिडक्या तीन, उघडी एक!"

"आणि उरलेल्या दोन बंद का, ते अर्थशास्त्र," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली.

शेवटी मी चिंतामणराव देशमुखांना मदतीला बोलावलं. जन्म आपल्या महाडजवळच्या नाते गावचा. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. "आणि केंब्रिजला बक्षीस कशात मिळवलं? वनस्पतिशास्त्रात!"

"म्हणजे काहीही घेतलं तरी चालतं?"

"चालतं. फक्त रांग मोकळी दिसते म्हणून उभी राहू नकोस."

हे मी नक्की कुणाला सांगितलं, ते सौ.ला कळलं असावं. न मागता चहा आला.