शेपटीवर ओझं नको

चाकणच्या कारखान्यातून 2014 मध्ये केटीएमची आरसी 390 ही स्पोर्ट्स बाइक रस्त्यावर आली आणि चिखलीतल्या माझ्या फॅब्रिकेशन शॉपवर एकच मागणी वाढत गेली : "दादा, मागं कॅरियर मारून द्या, गोव्याला जायचंय." पाइप वाकवणं, टॅक मारणं, पावडर कोटिंग करून देणं हे माझं रोजचं काम आहे. तरी असं मागं लटकणारं कॅरियर मी करून देत नाही.

या गाड्यांची ठेवणच वेगळी. क्लिप-ऑन हँडलमुळे चालवणारा पुढं झुकतो, पुढचं चाक रस्त्याला दाबून राहतं आणि वळणात त्याचाच भरवसा असतो. शेपटी मात्र बारीक आणि वर उचललेली. पहिल्या आरसीची मागची सीट तर उंचवट्यासारखी, बॅग ठेवली की घसरते. शिवाय तिचा मागचा सांगाडा मूळ फ्रेमला जोडूनच आहे. बोल्टची वेगळी सबफ्रेम 2022 च्या मॉडेलात आली. जुना सांगाडा वाकला तर अख्ख्या फ्रेमचं काम निघतं.

आता हिशेब बघा. याच ठेवणीच्या पल्सर आरएस 200 चा व्हीलबेस 1355 मिलिमीटर. मागच्या आसाच्या 35 सेंटिमीटर मागं 20 किलोंची बॅग लटकली, तर पुढच्या चाकावरचं सुमारे 5 किलो वजन कमी होतं. आकडा किरकोळ वाटेल. पण ओझं गुरुत्वमध्यापासून दुप्पट लांब नेलं की गाडीची दिशा बदलताना ते चौपट आडवं येतं. गावातल्या वेगात हे कळत नाही. हायवेवर ट्रेलरला ओलांडताना वाऱ्याचा झोत बसला, की शेपटी डोलायला लागते.

आकुर्डीत बनलेली बजाज चेतक ज्यांच्या घरी होती त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा, सगळं पायाशी : खाली आणि दोन चाकांच्या मध्ये.

स्पोर्ट्स बाइकवरही तेच साधायचं. हत्यारं, पंक्चर किट, चेन ल्यूब, पाणी असं जड सामान टँक बॅगेत. आरसीच्या टाकीवर प्लास्टिकचं आवरण असल्याने चुंबकाची बॅग टिकत नाही, पट्ट्यांचीच घ्या. ती बसवून हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, हॉर्न दाबला जात असेल तर बॅग मागं घ्या. बाजूच्या बॅगांसाठी मी पातळ पाइपचा स्टे करतो. त्याचं काम वजन पेलण्याचं नाही. बॅग चाकात जाऊ नये आणि सायलेन्सरला टेकू नये, एवढंच. मागच्या सीटवर फक्त कपडे आणि रेनकोट, पाठीला अगदी चिकटून. इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पट्ट्यांच्या मोकळ्या टोकांची. बक्कल आवळल्यावर वीतभर पट्टी उरते, वाऱ्यावर फडफडते आणि एकदा स्प्रॉकेटमध्ये गेली की मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. म्हणून प्रत्येक टोक गुंडाळून केबल टायनं बांधायचं. नुसत्या हुकवाल्या रबरी दोरीवर भिस्त ठेवू नका; खड्ड्यात बॅग उसळली की हुक सुटतो.

बाकी लवकर होण्यासारखं. मागच्या शॉकचा प्रीलोड सी-स्पॅनरनं वाढवा, हवा कंपनीच्या तक्त्यातल्या जादा वजनाच्या आकड्याप्रमाणे भरा, सामान लादून चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासा. हेडलाइटचा झोतही खाली घ्या. मागं वजन पडलं की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये बॅगेतले कपडे दबतात आणि घट्ट आवळलेल्या पट्ट्याही सैल होतात. चिखलीहून निघालेल्याला ही जागा कात्रजच्या पुढं येते. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दुचाकीला पैसे पडत नाहीत, म्हणून पोरं तशीच पुढं सुटतात. त्यांना मी बजावून सांगतो : नाका ओलांडून गाडी कडेला घ्या, हातमोजे काढा आणि प्रत्येक बक्कल पुन्हा आवळा. खंबाटकी घाटाची वळणं त्यानंतर.